पंधरा तारखेच्या आत

आमच्या गावच्या शाळेत तेरा आणि चौदा नोव्हेंबर या दोन दिवसांत जितके वाढदिवस येतात तितके अख्ख्या उन्हाळ्यात येत नाहीत. दरवर्षी चौदा तारखेला चर्चच्या तळघरात एकच लांबलचक केक कापतात आणि त्याच्याभोवती वीस-पंचवीस पोरं उभी राहतात. बाहेरून नव्याने आलेल्या मास्तरणीला याचं फार नवल वाटतं. काय पण योगायोग, म्हणते. योगायोग कसला डोंबलाचा. पंधरा तारखेला हरणांची शिकार सुरू होते. त्या दिवशी शाळा बंद, खाण बंद, न्हावी बंद. गावातला प्रत्येक बाप्या आदल्या रात्रीच रानातल्या आपापल्या कॅम्पवर पोचलेला असतो, आणि डॉक्टर हॉस्किंग सगळ्यांच्या पुढे. म्हणून जिचे दिवस त्या सुमाराला भरत आलेत तिने पंधरा तारखेच्या आत मोकळं व्हायचं, अशी आमच्याकडे रीत पडली. पुढे पुढे जिचे भरत आलेले नाहीत तिनेही.

या रीतीचं पौरोहित्य लेम्पी कांगसकडे होतं. गावातल्या चौदा खाटांच्या इस्पितळात बाळंतिणींची खोली तिच्या ताब्यात. ठेंगणी, रुंद हाडाची, पांढरे बूट कायम खडूने घासलेले. बोलणं कमी. फिनलंडहून इथं येऊन राहिलेल्या शेतकऱ्यांची ही पोर, आणि तिचा स्वतःचा जन्म घरामागच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, झालेला. त्या लोकांत तशीच पद्धत होती. लाकडी खोलीत दगड तापवायचे, भिंती धुऊन घ्यायच्या आणि पोटुशीला तिथं नेऊन बसवायचं. लेम्पीच्या आईची सहाही बाळंतपणं तिथंच झाली. दाई म्हणून यायची ती म्हातारी विणकाम घेऊन यायची आणि कोपऱ्यात बसून मोजे विणत राहायची. कुणी फार घायकुतीला आलं तर म्हणायची, "मूल येतं. आणायला जायचं नसतं." शहरात जाऊन नर्सिंग शिकून आल्यावर लेम्पीला ती म्हातारी अगदीच अडाणी वाटायला लागली होती.

रीत वाईट बुद्धीने पडली नव्हती, हे सांगायला हवं. डॉक्टर हॉस्किंग नवे नवे आले होते त्या साली ते कॅम्पवर असताना इथं एक बाई अडली. बर्फ मांड्यांपर्यंत. दोघे जण पायाला बर्फावर चालायच्या रुंद खडावा बांधून त्यांना आणायला निघाले, आणि डॉक्टर येऊन पोचले तेव्हा त्यांच्यासाठी काही काम उरलेलं नव्हतं. डॉक्टर त्या दिवशी इस्पितळाच्या पायरीवर बसून रडले. सगळ्या गावाने पाहिलं. आता शहाण्या माणसाने यातून काय धडा घ्यावा? की बाबा, पुढच्या वर्षी आपण शिकारीला जाऊ नये, किंवा पाळीपाळीने जावं. तो विचार गावात कुणाच्या मनाला शिवलासुद्धा नाही. शिकार हलणार नाही, म्हणून बाळंतपण हलवलं. कळांचं औषध निघालं होतंच. सलाइनच्या बाटलीत सोडायचं, नळीचा चिमटा सैल करायचा, थेंब वाढवत न्यायचे. सकाळी आलेली बाई संध्याकाळपर्यंत मोकळी.

पहिल्या वर्षी दोघी होत्या आणि दोघींचे दिवस खरोखरच भरलेले होते. मग ज्यांना आठवडा आहे त्याही. मग पंधरा दिवस असलेल्या. मग डॉक्टर ऑक्टोबरातच पोटावर हात ठेवून म्हणायला लागले, "हं, होत आलंय." आणि बायका घाबरल्या की त्यांची समजूत काढायचं काम लेम्पीचं. ती उशी नीट करत एकच वाक्य बोलायची. "सगळ्या जणी येतात गं. काही होत नाही."

डॉक्टर वाईट माणूस नव्हता, आणि इथंच सगळी पंचाईत आहे. न्यूमोनिया झालेल्या पोराच्या उशाशी बसणारा माणूस. फीला पैसे नसले तर त्याऐवजी एखादी गरम पॅस्टी, मांस भरलेली भाजकी करंजी, फडक्यात बांधून नेणारा. गावात त्याच्या नावाची, व्हर्नन नावाची, नऊ पोरं आहेत. तो राक्षस असता तर त्याला कुणीतरी कधीच हाकलला असता.

हार्डवेअरच्या दुकानाने आणखी एक कौतुक काढलं. त्या आठवड्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला शिकाऱ्यासारखी लाल लोकरीची टोपी, दुकानातर्फे. आणि टोप्या विणायच्या कुणी? लेम्पीनेच. सप्टेंबर लागला की ती दुकानातून लाल लोकर आणायची आणि अंदाजाने सात-आठ टोप्या करून ठेवायची. सुरुवातीला तिला त्यात आनंदसुद्धा वाटायचा, हे ती नंतर स्वतःशीही कबूल करत नसे.

मग हळूहळू तिला शिसारी यायला लागली. एकदम नाही. दुधात माशी पडलेली असावी आणि निम्मं पिऊन झाल्यावर दिसावी, तशी. आधी वासाची. त्या दोन दिवसांत बाळंतिणींच्या खोलीबाहेर नवरे बसलेले असायचे, लाल चौकड्यांचे जाड कोट घालून, आणि अख्ख्या बोळात बंदुकीच्या तेलाचा वास. उतावळे नवरे गुडघ्याला बाशिंग बांधून बसतात म्हणतात. हे गुडघ्यावर काडतुसांचा पट्टा घेऊन बसायचे. आत बायको ओरडली की एकजण घड्याळ बघायचा. मग बोळातल्या पांढऱ्या फळ्याची. आमच्या चौकात शिकारीच्या दिवसांत आडवा ओंडका उभारतात आणि मारलेली हरणं त्यावर टांगून वजनं लिहितात. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की पोरांचीही वजनं अशीच लिहावीत. मुलगा झाला तर 'शिंगवाला', मुलगी झाली तर 'हरणी'. बोळातल्या फळ्यावर आडनाव, शिंगवाला की हरणी, आणि वजन. पैजा लागायच्या. लेम्पी बाळ काट्यावर ठेवायची आणि दारातून आवाज यायचा, "किती भरलं?" ती आकडा सांगायची. वर्षानुवर्षं सांगत आली.

आणि मग हिल्मा नीमी.

हिल्मा लेम्पीच्याच चर्चमधली. तिचा वेस्ली दहा वर्षांपूर्वीच्या तेरा नोव्हेंबरचा. त्या दिवशी चौघी होत्या, डॉक्टर जेवायला गेले होते, जाताना सांगून गेले होते की परत येईपर्यंत वाढवत राहा. हिल्माचं पोट दगडासारखं झालं आणि मधे सैल पडेनासं झालं. लेम्पीला ते हाताला कळलं होतं. तरी तिने चिमटा आणखी सैल केला, कारण तसं सांगितलेलं होतं. वेस्ली निळा निघाला. बराच वेळ रडला नाही. आता तो डावा पाय ओढत चालतो, बोलणं त्याच्या आईलाच समजतं, हनुवटीखाली रुमाल बांधावा लागतो. देवाची मर्जी, असं पाद्रीबाबा म्हणाले. अशी मुलं कुठेही होतात, असं डॉक्टर म्हणाले, आणि तेही काही खोटं नाही. हिल्मा कुणालाच काही म्हणाली नाही. फक्त दरवर्षी नोव्हेंबर आला की ती लेम्पीकडे यायची. "वेस्लीची टोपी लहान झाली गं. यंदा जरा मोठी विणून दे." दुकान फक्त तान्ह्यांना टोपी देतं, पण वेस्लीला लेम्पी दरवर्षी द्यायची. चौदा तारखेच्या केकपाशी तो एकटाच इतका मोठा मुलगा लाल टोपीत. लोकांना गहिवरून यायचं. हिल्मा भोळी आहे, तिला बिचारीला काही कळलेलं नाही, असं लेम्पी धरून चालली होती.

तर वेस्लीला दहा वर्षं झाली त्या वर्षीची गोष्ट. लेम्पीचा नवरा एइनो खाणीतली धूळ छातीत घेऊन दोन वर्षांपूर्वी वारला होता. कॅम्पवरची त्याची खाट मित्रांनी मानाने रिकामी ठेवली होती आणि यंदा ती मुलाला, डेलला, मिळायची होती. डेलची बायको रोझॅन पोटुशी. ती इटालियन खाटकाची मुलगी, जीभ बापाच्या सुरीसारखी. रविवारी दोघं लेम्पीकडे कॉफीला आली. टेबलावर वेलदोडा घातलेला पाव होता. डेल तो कॉफीत बुडवून खाता खाता म्हणाला,

"आई, डॉक्टरांना सांग ना, रोझॅनला बुधवारी बोलवून घ्या म्हणून."

"तिचे दिवस डिसेंबरात भरतात."

"डॉक्टर म्हणाले, थोडं इकडंतिकडं चालतं."

"पोट डॉक्टरांचं आहे का?"

"माझंच आहे," रोझॅन म्हणाली. "म्हणजे कुणाला माझ्याशी बोलायचं असेल तर मी इथंच बसलेय. मी टर्की आहे का रे, सणाच्या आत कापून ठेवायला?"

"तसं नाही गं. उद्या मी तिथं असताना तुला सुरू झालं तर? बाबांची खाट आहे. पहिल्याच वर्षी मधून उठून आलो तर काय म्हणतील सगळे? बायकोचा बैल म्हणतील."

"मग हंबर थोडा. काय बिघडतं?"

डेल हसला. चांगला आहे तो मुलगा, मनात काही ठेवत नाही. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सगळ्या जणी जातात गं. काही होत नाही."

लेम्पीच्या हातातला कप बशीवर आपटला. तिचंच वाक्य होतं ते, एका शब्दाचाच काय तो फरक, सूरही तोच. मुलाच्या ओठांवर पावाचा चुरा, मिशीला कॉफी लागलेली. नऊ महिने ज्याला पोटात ठेवला त्या मुलाकडे बघून तिला शिसारी आली. आईला असं वाटावं याची तिला आणखीच किळस आली. ती उठून भांडी धुवायला लागली. मूग गिळायची सवय एका रविवारात जात नाही.

बुधवारी, तेरा तारखेला, सकाळी रोझॅन इस्पितळात आली. येताना तिने लेम्पीकडे एकदाच पाहिलं. "आई, तुम्ही असणार ना तिथं?" एवढंच विचारलं. लेम्पी हो म्हणाली. त्या वेळी तिच्या मनात फक्त एवढंच होतं की या मुलीचं मूल मी निळं होऊ देणार नाही. काय वाटेल ते झालं तरी.

खोलीत दुसरी खाट मार्जरी टोलोनेनची. विशीतली, जंगलात लाकूड तोडणाऱ्या लॉइडची बायको, पहिलटकरीण. तिला अजून पंधरा दिवस होते. दोन खाटांमध्ये पडदा. डॉक्टर आले ते पांढऱ्या कोटाखाली शिकारीचे बूट घालूनच. मार्जरीची पाण्याची पिशवी त्यांनी सकाळीच फोडली, दोघींना सलाइन लावलं आणि हात धुता धुता म्हणाले, "चला पोरींनो, शिंगवाले काही आपल्यासाठी थांबत नाहीत. लेम्पी, वाढवत ने. रोझॅनचं पाणी जेवण झाल्यावर फोडू."

मार्जरी हसली. या विनोदाला हसायचं असतं हे तिला आईने शिकवलं असावं.

तास गेले. मार्जरी उशीचा कोपरा दातात धरून गप्प पडली होती. रोझॅन गप्प नव्हती, इटालियनमध्ये डेलच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. डॉक्टर जेवायला गेले. जाताना दारातून म्हणाले, "परत येईपर्यंत वाढवत राहा."

तेच शब्द, हिल्माच्या वेळचे. लेम्पी उभी राहिली. मग ती रोझॅनच्या खाटेपाशी गेली, चिमटा घट्ट आवळला, थेंब थांबले.

"काय केलंत?" रोझॅनने विचारलं.

"बंद केलं. अजून पाणी गेलेलं नाही तुझं. कळा विरतील. संध्याकाळी घरी जा."

पडद्याची एक बाजू सरकलेली होती आणि त्या फटीतून मार्जरी बघत होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती इतक्या हळू बोलली की लेम्पीला आधी वाटलं, आपण ऐकलंच नाही.

"मिसेस कांगस, माझंही करता का?"

आणि लेम्पी, जी वासाला किळसत होती, फळ्याला किळसत होती, डॉक्टरांच्या बुटांना किळसत होती, ती काय म्हणाली? म्हणाली, "तुझं डॉक्टर आल्यावर बघू हं. तुझं पाणी गेलंय, तुला आता घरी जाता यायचं नाही." आणि उशी नीट करायला हात पुढे केला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आमच्या गावासाठीच केलेली आहे.

मार्जरीने मान फिरवली. मागितलं म्हणून तिलाच लाज वाटली होती.

पडद्यापलीकडून रोझॅन म्हणाली, "सासूबाई."

ती कधी असं म्हणायची नाही. लेम्पी वळली.

"तिचंही बंद करा. नाहीतर माझं चालू करा."

"तिचं वेगळं आहे गं. तिचं पाणी..."

"मला पाण्यातलं कळत नाही. तिच्या पोटाला हात लावून बघा आणि मग सांगा वेगळं आहे म्हणून."

लेम्पीने हात लावला. मार्जरीचं पोट दगड झालेलं होतं. ती थांबली, सैल पडायची वाट पाहत राहिली. पडलं नाही. दहा वर्षांपूर्वी हाच दगड याच तळव्याखाली होता. तिने हात एप्रनला पुसले आणि मार्जरीचा चिमटा आवळला. मार्जरीला कुशीवर वळवलं, पाठ चोळत बसली. बऱ्याच वेळाने पोट सैल पडलं. मार्जरीचे डोळे मिटले.

डॉक्टर परत आले. आधी एक बाटली बघितली, मग दुसरी.

"हे कुणी बंद केलं?"

"मी."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"का?"

"एकीचे दिवस भरलेले नाहीत. दुसरीचं पोट सैल पडत नव्हतं."

डॉक्टर हसले. रागाने नव्हे, थोडे दमल्यासारखे. "लेम्पी, अठरा वर्षं आपण हे करतोय. आजच तुला काय झालं? सून आहे म्हणून?"

"हो, सून आहे म्हणूनच. बघा ना, केवढी लाजिरवाणी गोष्ट आहे. इतक्या जणी गेल्या हाताखालून, आणि कळलं ते घरात आल्यावर."

"तुला काय म्हणायचंय, मी बायकांचं वाईट करतो?"

"तुम्ही एकटे नाही. चिमट्यावर हात माझाच असतो. मला त्या हाताची किळस येते, डॉक्टर. जेवताना येते."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी मार्जरीच्या नळीकडे हात नेला. लेम्पीने आपला हात चिमट्यावर ठेवला. "माझा हात तुम्हाला बाजूला करावा लागेल," ती म्हणाली. त्या माणसाने आयुष्यात कुणावर हात टाकला नव्हता. ते तसेच उभे राहिले, हात अर्ध्यावर, कोटाखाली बूट. मग म्हणाले, "थोड्या वेळाने येतो. तोवर चालू झालेलं दिसलं पाहिजे." आणि गेले. थोड्या वेळाने ते आले नाहीत.

लेम्पी बोळात आली. डेल आणि लॉइड उभे राहिले.

"रोझॅनला संध्याकाळी घरी ने," ती म्हणाली. "तिला काही झालेलं नाही. आज होणारही नाही."

"म्हणजे? आई, काय चाललंय काय?"

"तू जा शिकारीला. तुला कुणी धरलंय? बायकोला सुरू झालं तर बर्फातून चालत ये. तेवढे पाय आहेत तुला."

लॉइडने टोपी हातात घेतली होती. "आणि माझी, मिसेस कांगस?"

"तुझीला होईल."

"पंधराच्या आत?"

त्या पोराच्या चेहऱ्यावर वाईटपणा नव्हता. तो खरंच काळजीत होता, नुसती काळजी कशाची करायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लेम्पीला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता ती फळ्यापाशी गेली. टोलोनेन आणि कांगस ही दोन आडनावं आधीच लिहिलेली होती, पुढे प्रश्नचिन्हं आणि पैजेचे डॉलर. तिने बाहीने फळा पुसला. मग ती नळावर गेली आणि पोटात होतं नव्हतं तेवढं ओकली.

मार्जरीच्या कळा नंतर आपल्या आपण आल्या, सावकाश, मधे तिला झोप लागू देत. दुसऱ्या दिवशी, चौदा तारखेला, जेवणाच्या सुमाराला मुलगी झाली. लाल, चिडलेली, बाहेर येताच बोंब ठोकणारी. डॉक्टर नाळ कापायला आले आणि संध्याकाळच्या आत वेळेवर कॅम्पलाही पोचले. लॉइडही पोचला. एवढी सगळी घाई कशासाठी होती, असा प्रश्न तेव्हाही गावात कुणाला पडला नाही. रोझॅनची मुलगी डिसेंबरात झाली, दीड दिवस घेऊन. डेल तो दीड दिवस बोळात फेऱ्या घालत होता आणि मग भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मार्जरी आणि रोझॅन अजून एकमेकींकडे जातात येतात. डॉक्टरांनी लेम्पीला जानेवारीपासून म्हाताऱ्यांच्या खोलीत टाकलं, अगदी गोड बोलून. पुढच्या नोव्हेंबरात नवीन नर्स होती आणि सलाइन होतंच. पण ते सगळं नंतरचं.

चौदा तारखेला मार्जरीचं आवरून लेम्पी दुपारी घरी आली तर स्वयंपाकघरात हिल्मा बसलेली. आमच्याकडे दारांना कुलपं नसतात. वेस्ली चुलीजवळच्या खुर्चीवर, हनुवटीखाली रुमाल, अंगात केकसाठीचा नवा सदरा. हिल्माने कॉफी ठेवली होती. तिच्या हातात एक दोरा होता, वेस्लीच्या डोक्याचं माप घेऊन गाठ मारलेला.

"यंदा तू टोपी आणून दिली नाहीस," हिल्मा म्हणाली. "म्हटलं कामात असशील. आपणच माप घेऊन जावं."

कपाटात सात टोप्या होत्या. सप्टेंबरात विणलेल्या, तान्ह्यांच्या. वेस्लीची मात्र यंदा तिच्या हातून झालीच नव्हती. दोनदा सुरू केली आणि दोनदा उसवली. लेम्पी कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"हिल्मा, मला तुला एक सांगायचंय. वेस्लीच्या वेळी..."

हिल्मा दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"डॉक्टर जेवायला गेले होते," लेम्पी म्हणाली. "तुझं पोट सैल पडत नव्हतं. मला कळलं होतं. तरी मी वाढवलं. त्यानेच झालं असेल असं कुणी सांगू शकत नाही, पण मी वाढवलं."

चुलीवर कॉफी उकळायला लागली. वेस्ली काहीतरी म्हणाला. हिल्माने त्याच्या हनुवटीचा रुमाल नीट केला, त्याला पावाचा तुकडा दिला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी खाटेवर पडले होते, लेम्पी, मेले नव्हते. तुझ्या हाताकडेच बघत होते मी. दुसरं बघायला होतं काय त्या खोलीत?"

लेम्पीने विचारलं, "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? त्यानेच झालं असं कुणी सांगू शकत नाही, तूच म्हणतेस. डॉक्टरही तेच म्हणाले. म्हणून मी बोलले नाही. मी टोपी मागते."

"टोपी?"

"दरवर्षी. तुझ्याकडून. याचं डोकं केवढं झालं ते तुला माहीत असावं म्हणून. लोकरीला दुकानात काय तोटा आहे? विणता मलाही येतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेबाने बोलत होती, दहा वर्षांत बोलायचं तेवढं सगळं मनात घोळवून ठेवलेलं असावं तसं. तिने उठून दोन कपांत कॉफी ओतली, एक लेम्पीपुढे सरकवला. मग बोटाभोवतीचा दोरा उलगडला आणि टेबलावर तिच्या हाताशी ठेवला.

"हे घे माप," हिल्मा म्हणाली. "सावकाश विण. घाई नाही."